राखेचं ग्लेझ एकदा जमलं, मग का बिघडलं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही कराडकडच्या, दोन वर्षं पॉटरी करताय, छोटी इलेक्ट्रिक भट्टी आहे आणि ती १२२० अंश सेल्सिअसपर्यंत नेता. दोन वाट्या राख, सव्वा वाटी फेल्डस्पार (दगडातल्या एका खनिजाची पूड), एक वाटी फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच), पाऊण वाटी चायना क्ले (पांढरी माती) असं ग्लेझ केलंत. पहिल्यांदा घरच्या चुलीची राख होती, चहाचा मग सुंदर आला, मधासारखा पिवळा, ओघळ वगैरे. दुसऱ्यांदा गावातल्या गुऱ्हाळातून पोतंभर राख आणलीत, तर वाडगे सगळे पॉलिश पेपरसारखे खरखरीत. तिसऱ्यांदा दोन्ही राखा मिसळून वर थोडा टाकणखार घातलात आणि चहाचा मग भट्टीतल्या शेल्फलाच चिकटून बसला. आता तुम्हाला एक पक्की रेसिपी हवीय, शिवाय क्रशरची डस्ट आणि रांगोळी चालेल का, आणि त्यातून चहा प्यायला चालेल का.

रेसिपी देऊन तुमचा प्रश्न सुटणार नाही हो. तुमची रेसिपी वाईट नाहीये, मी बावीस वर्षं हेच करतेय आणि साधारण याच कुळातलं एक ग्लेझ आजही वापरते. गडबड अशी झालीय की तुम्ही तिन्ही वेळा "राख" म्हणून तीन वेगवेगळे पदार्थ घातलेत आणि तेही वाटीने मोजून. म्हणजे दुकानातून एकदा साखर आणली, एकदा मीठ, एकदा दोन्ही मिसळून, आणि चहा बिघडला म्हणून चहाची कृती विचारतोय असं झालं.

काय झालं असेल ते सांगते. ग्लेझ म्हणजे शेवटी काच, भांड्यावर बसवलेली. काच होते सिलिकाची, पण सिलिका एकटी वितळायला १७०० च्या वर जावं लागतं, आपल्या भट्टीच्या बापाला जमणार नाही. म्हणून तिला वितळवणारे पदार्थ घालायचे, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, बोरॉन वगैरे, त्यांना आपण फ्लक्स म्हणतो. आणि हे सगळं पाण्यासारखं वाहून जाऊ नये म्हणून ॲल्युमिना, जो मुख्यतः चायना क्ले आणि फेल्डस्पारमधून येतो. गंमत अशी की चुन्याचा पदार्थ एकटा भट्टीत ठेवला तर ढिम्म हलत नाही, क्वार्ट्झ एकटा हलत नाही, चायना क्ले पण नाही, पण तिघं योग्य प्रमाणात एकत्र आले की ११७० च्या आसपास वितळायला लागतात. त्यामुळे "हा पदार्थ वितळतो का" हा प्रश्न अर्धाच आहे, "कोणाबरोबर वितळतो" हे बघायचं असतं.

आता चुलीतली राख. तुमच्याकडे बाभूळ, आंबा, काय जळत असेल ते, लाकडाची राख म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, थोडं पोटॅशियम, थोडं मॅग्नेशियम, फॉस्फरस. म्हणजे फ्लक्स. म्हणून ओघळ आले. गुऱ्हाळाची राख ही चिपाडाची राख, आणि ऊस शेवटी गवताच्या जातीचा, भातासारखाच, ही झाडं जमिनीतून भरपूर सिलिका उचलतात. भाताच्या तुसाच्या राखेत तर ९० टक्क्यांच्या आसपास सिलिकाच असते, चिपाडाच्या राखेत इतकी नसली तरी निम्म्याहून बरीच जास्त. म्हणजे तुम्ही दुसऱ्या वेळी वितळवणारा पदार्थ काढून त्याच्या जागी न वितळणारा घातला. खरखरीत न येऊन सांगतो कोणाला! तुसाची राख वाईट असते असं नाही, जपानमध्ये तिचंच दुधाळ पांढरं ग्लेझ करतात, नुका म्हणतात त्याला, पण तिथे ती सिलिका म्हणून घालतात आणि फ्लक्स वेगळा देतात.

ओळखायचं कसं? घरी व्हिनेगर असेल ना, चमचाभर राखेवर टाका. लाकडाची राख चांगली फसफसते, तुसाची किंवा चिपाडाची जवळजवळ गप्प बसते. हीच टेस्ट रांगोळीला लावा. रांगोळी म्हणून बाजारात काहीही मिळतं, कुठे शिरगोळ्याची, कुठे संगमरवराची भुकटी, कुठे क्वार्ट्झ, आणि दुकानदाराला विचारून काही उपयोग नाही, तो म्हणणार "एक नंबर रांगोळी आहे". लगेच फसफसली तर कॅल्शियमवाली आहे, व्हायटिंगच्या (म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या पुडीच्या) जागी घालून बघण्यासारखी. अगदी हळू, कोमट केल्यावर बुडबुडे आले तर डोलोमाइट असू शकतो, त्यात मॅग्नेशियम पण येतं आणि ग्लेझ मऊ, मॅट होण्याकडे जातं. अजिबात काही नाही झालं तर सिलिका किंवा संगजिरे धरून चाला. आणि रंगीत रांगोळीचा रंग भट्टीत टिकेल या आशेवर राहू नका, तो बहुतेक कापडाच्या रंगासारखा असतो, ५०० पर्यंत जायच्या आत उडून जातो.

टाकणखाराबद्दल. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, वितळवायला जबरदस्त, पण पाण्यात विरघळतो. म्हणजे तुम्ही ग्लेझ लावलं की पाण्याबरोबर तो बिस्किटाच्या (एकदा भाजलेल्या, ग्लेझ न लावलेल्या भांड्याच्या) आत शिरतो, वाळताना पाण्याबरोबर कडेला, कानाला येऊन जमतो. त्यामुळे एकाच मगाला काठावर जास्त फ्लक्स आणि पोटावर कमी. बादलीत दोन दिवस राहिला तर तळाला साखरेसारखे खडे. फ्रिट का विकत घ्यायची तर याचसाठी, तोच बोरॉन काचेत बांधून दळलेला असतो, विरघळत नाही. तुमच्या ग्लेझमध्ये फ्रिट आधीच आहे, टाकणखाराची गरजच नव्हती.

आणि वाटी! वाटीचा राग मला सगळ्यात जास्त आलाय. राख हलकी, फुगलेली असते, दाबून भरली तर दुप्पट बसते. फेल्डस्पारची वाटी आणि राखेची वाटी यांच्या वजनात केवढा फरक पडतो ते एकदा काट्यावर ठेवून बघाच. किचनचा डिजिटल काटा ग्रॅमपर्यंत चालेल, रंगासाठी कोबाल्टसारखं अर्धा टक्का घालायचं असेल तेव्हा सोनाराचा छोटा काटा लागेल, ऑनलाइन स्वस्तात मिळतो.

आता करायचं काय. माझ्याकडे जे शिकायला येतात त्यांना मी पहिले दोन महिने रेसिपी देतच नाही, आधी एक कंटाळवाणं काम देते. तुमच्याकडे जेवढे पदार्थ आहेत ते एकेकटे भाजायचे. मातीच्या छोट्या वाट्या करायच्या, बोराएवढ्या, बिस्किट करून प्रत्येकीत अर्धा चमचा एकच पदार्थ पाण्यात कालवून, खाली चकती ठेवून भट्टीत. १२२० ला तुम्हाला दिसेल, क्वार्ट्झ पावडरच राहिली, चायना क्ले खडू झाला, फेल्डस्पार घट्ट पांढरा गोळा झाला, फ्रिटचं तळं झालं. व्हायटिंग पांढरं पीठच दिसेल पण ती वाटी आठवडाभर तशीच ठेवा, हवेतला दमटपणा घेऊन फुगते, भुगा होतो, कारण ४४ टक्के वजन कार्बन डायऑक्साइड म्हणून उडून गेलं आणि मागे कळीचा चुना राहिला. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की रेसिपी वाचताना आकड्यांच्या मागे चेहरे दिसायला लागतात.

क्रशरच्या डस्टची वाटी मात्र तुम्हाला खूश करणार. आपला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, तो एकदा वितळून झालाय, परत वितळायला फार आढेवेढे घेत नाही. त्यात साधारण निम्मी सिलिका, मग ॲल्युमिना, दहा टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम, आणि लोखंड भरपूर, दहा टक्क्यांच्या वरच. म्हणजे सह्याद्रीने तुम्हाला अर्धवट तयार ग्लेझच दिलंय, गडद तपकिरी-काळं. माझ्या भट्टीत १२२० ला डस्ट ६०, फ्रिट २५, बॉल क्ले (चिकट, बारीक माती) १५ असं एक बरंच वर्षं चालू आहे, जाड लागलं तिथे काळं, काठावर पातळ झालं तिथे गंजासारखं तांबूस. तुमच्या खाणीचा दगड वेगळा, त्यामुळे हे आकडे सुरुवात म्हणून घ्या, वचन म्हणून नको. डस्ट मात्र चांगली बारीक हवी, १०० च्या चाळणीतून (इंचाला १०० छिद्रं) पाण्याबरोबर गाळून घ्या, जाड कण राहिले तर ते वितळत नाहीत आणि ओठाला टोचतात. जड असल्याने बादलीच्या तळाशी सिमेंट होऊन बसते, २ टक्के बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी माती) घाला आणि तरी बसली तर एप्सम सॉल्टचं पाणी चार थेंब. शेतातली काळी माती पण लोक घालून बघतात, वितळते ती, पण वाळताना आकसते इतकी की ग्लेझ पापुद्रे होऊन उचलतं. ती आधी बिस्किटाच्या तापमानाला भाजून मग अर्धी भाजलेली अर्धी कच्ची घालायची.

तर राखेकडे परत येऊया. तुमच्या रेसिपीतून राख काढून टाका, उरलं फेल्डस्पार, फ्रिट, चायना क्ले. वजनाने ४५, ३५, २० धरा. हे झालं 'अ'. नुसती राख हे 'ब'. दोन्ही १०० ग्रॅम घ्या, चाळा, आणि पाणी घालून दोन्ही बरोबर २०० मिली करा. आता औषधाच्या दुकानातून २० मिलीची सिरिंज आणा, सुई नको, आणि चहाचे कटिंगवाले कागदी कप अकरा. पहिल्या कपात 'अ' २० मिली, दुसऱ्यात 'अ' १८ आणि 'ब' २, तिसऱ्यात १६ आणि ४, असं करत अकराव्यात नुसता 'ब' २०. प्रत्येक वेळी सिरिंज भरायच्या आधी 'अ' किंवा 'ब' नीट ढवळायचं, नाहीतर वरचं पाणीच येतं आणि सगळी मेहनत फुकट, हे मी स्वतः केलेलं आहे. प्रत्येकाची एक टाइल. टाइल उभी राहील अशी, एल आकाराची, अर्ध्या भागात कंगव्याने रेघा ओढलेली, आणि मागे लोखंडाच्या लाल ऑक्साइडने नंबर. आडवी टाइल खोटं बोलते, तिच्यावर ग्लेझ वाहतंय का तेच कळत नाही. खाली जुन्या मातीची चकती ठेवायची.

हे दोन रांगांत करा, एक लाकडाच्या राखेची, एक चिपाडाच्या राखेची, त्यासाठी 'अ' दुप्पट करून ठेवा. भट्टी उघडल्यावर लाकडाच्या रांगेत तुम्हाला टेकडी दिसेल, सुरुवातीला ग्लेझ घट्ट, मधे कुठेतरी एकदम पातळ आणि ओघळणारं, आणि पुढे राख फार झाली की परत कोरडं, कारण वितळवायला सिलिकाच उरली नाही. चिपाडाच्या रांगेत नुसता उतार, जितकी राख वाढेल तितकं दुधाळ मग कोरडं. एकाच भट्टीत, एकाच दिवशी, ४० टक्क्यांची टाइल दोन्हीकडची शेजारी ठेवून बघा, तुमचा पहिला मग आणि दुसऱ्या वेळचे वाडगे तुमच्या हातात असतील. मग टेकडीच्या माथ्याच्या थोडं अलीकडचा नंबर निवडा. माथ्यावरचा नको, तो फोटोत छान दिसतो आणि शेल्फ खातो.

इथे मला जे सांगता येणार नाही ते पण सांगते. तुमची माती कोणती, ग्लेझ किती जाड लावता, भट्टी किती वेगाने चढते आणि उतरते, यावर सगळं हलतं. जाडीचं एक करा, १०० मिली ग्लेझचं वजन करा, बुडवायच्या ग्लेझला मी १४० ते १५० ग्रॅमच्या मधे ठेवते, आणि बुडवून मनात तीन आकडे मोजते. आणि १२२० हा आकडा तुमच्या कंट्रोलरचा आहे, भांड्याचा नाही. थर्मोकपल एका कोपऱ्यातलं त्या क्षणाचं तापमान सांगतो, ग्लेझला मात्र किती वेळ किती आच मिळाली ते कळतं, भाताला कुकरच्या शिट्टीपेक्षा आच कळते तसं. म्हणून वरच्या आणि खालच्या दोन्ही शेल्फवर कोन ६ (ठरावीक आच मिळाली की वाकणारा छोटा सुळका) ठेवा. माझ्या जुन्या भट्टीत खालचा कोन वाकायचाच नाही आणि वरचा लोळण घ्यायचा, आणि मी दोन वर्षं ग्लेझला शिव्या देत होते.

राखेची तयारी. कोरडी चाळायला जाऊ नका, मास्क असला तरी. पाण्यात टाका, वर तरंगणारा कोळसा काढा, खालचं ८० च्या चाळणीतून गाळा. धुवायची की नाही हा वाद जुना आहे. न धुतलेल्या राखेत विरघळणारा क्षार राहतो, ग्लेझ जास्त वाहतं आणि जिवंत दिसतं, पण दर वेळी वेगळं येतं. मी तीन पाण्यांनी धुते. हातात रबरी मोजे हवेतच, राखेचं पाणी कातडी सोलतं, पूर्वी याच पाण्याने कपडे धुवायचे ना, तेच. गुऱ्हाळाच्या राखेबाबत आणखी एक, चुलवाणात चिपाडाबरोबर काय काय जाळतात ते गुळव्याला विचारून घ्या. टायर, चपला, रंगवलेलं लाकूड जळत असेल तर ती राख मी भांड्याला लावणार नाही.

आणि धडा म्हणून माझी फजिती ऐका. २००९ च्या सुमारास एका लग्नात आचाऱ्याच्या चुलीखालची दोन बादल्या राख उचलून आणली, ग्लेझ असं आलं की बघणारा मागे वळून परत बघायचा. एका गिऱ्हाइकाने साठ वाडग्यांची ऑर्डर दिली. चाळीस झाले आणि राख संपली. मी म्हटलं आचारी तोच, चूल तीच, दुसऱ्या लग्नातून आणू. आणली. पण त्या वेळी त्याने दुसरी लाकडं जाळली होती, आणि उरलेले वीस वाडगे हिरवट-राखाडी, शेजारी ठेवले तर सावत्र भाऊ. ऑर्डर गेली, पैसे परत दिले. तेव्हापासून राखेच्या प्रत्येक बादलीवर तारीख, कुठली, कोणतं लाकूड हे लिहिते, नवी बादली उघडली की पाच टाइल्सची छोटी लाइन परत करते, आणि मोठी ऑर्डर असेल तर आधी राख वजन करून बघते पुरेल का. गिऱ्हाइकालाही सांगते की हा रंग या बादलीपुरता.

चहाचं. ग्लेझ चकचकीत आलं म्हणजे ते खाण्याला चालतं असं नाही, आणि कोरडं खरखरीत आलेलं तर नक्कीच नको, नीट वितळलेलं नसेल तर आंबटात त्यातून काहीही सुटू शकतं. घरी एक करता येतं, लिंबाची फोड रात्रभर ग्लेझवर ठेवायची, सकाळी धुवून बघायचं रंग फिका पडलाय का, चकाकी गेलीय का. बदल दिसला तर बाद. बदल नाही दिसला तरी पास असं नाही, ते लॅबच सांगते, तिथे ४ टक्के ॲसिटिक ॲसिडमध्ये २४ तास ठेवून शिसं आणि कॅडमियम मोजतात. विकणार असाल तर एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबमध्ये एकदा द्याच. मी सोपा मार्ग घेते, मगाच्या आत नेहमीचं साधं ट्रान्स्परंट किंवा पांढरं ग्लेझ, जे वर्षानुवर्षं तपासलेलं आहे, आणि प्रयोग सगळे बाहेरून, काठाच्या बोटभर खाली. शेंदूर कोणी सुचवला तर हात जोडा, पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. बेरियम कार्बोनेट पण घरात आणू नका, उंदराचं औषध आहे ते. मोरचूद पाण्यात विरघळतं, हिरव्यासाठी कॉपर कार्बोनेट घ्या, आणि तेही आतल्या बाजूला नको.

तुम्ही शेवटी फोटो टाकलाय तो निळसर हिरवा, तो सेलेडॉन आहे. एक-दोन टक्के लोखंड आणि गॅसच्या भट्टीत हवा कमी करून, रिडक्शनमध्ये भाजलेलं. तुमच्या इलेक्ट्रिक भट्टीत तेच लोखंड मधासारखं पिवळं येणार, जे तुम्हाला पहिल्या मगात आलं. रेसिपीत चूक नाही, हवेचा फरक आहे. त्याच्या मागे लागून भट्टीत कापूर, लाकूड टाकायचे व्हिडिओ आहेत, ते करू नका, कॉइल खराब होतात आणि धूर खोलीत.

शेल्फला चिकटलेल्या मगाचं राहिलं. गरम असताना हात लावू नका, पूर्ण गार झाल्यावर गॉगल घालून, शेल्फ मांडीवर न घेता जमिनीवर जाड गोणपाटावर आडवं ठेवून, छिन्नी जवळजवळ झोपवून कडेने हळू टिचक्या मारा. सरळ वरून मारलीत तर शेल्फचा टवका येतो. उरलेलं ग्लेझ कार्बोरंडमच्या दगडाने पाणी घालत घासा, सुकं घासलंत तर काचेची धूळ नाकात जाते. मग ॲल्युमिना आणि चायना क्ले निम्मं निम्मं, दह्याइतकं पातळ, दोन हात शेल्फला लावा, फक्त वरच्या बाजूला. खालच्या बाजूला लावलंत तर पुढच्या भट्टीत त्याचे कण खालच्या मगात पडतात आणि मग तुम्ही परत मला विचारणार की ग्लेझमध्ये खडे कुठून आले.